घेवड्याची वंशावळ

घेवडा हा शब्द आपल्याकडे फार ऐसपैस आहे. परसातल्या मांडवावर चढणाऱ्या वालाच्या वेलाला कुणी घेवडा म्हणतात. श्रावणात भाजीला येणारी कोवळी, लांबट शेंग म्हणजे श्रावणघेवडा. सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूला गेलात तर तिथे वाघ्या घेवडा भेटेल. वाघाच्या अंगावर असावेत तसे त्याच्या दाण्यावर पट्टे असतात. शहरातली मंडळी त्या कोवळ्या शेंगेला फरसबी म्हणतात. हा 'फ्रेंच बीन' या इंग्रजी नावाचा आपल्या जिभेने करून घेतलेला मराठी अवतार. आणि पंजाबी खानावळीत भाताबरोबर मिळतो तो राजमा.

यातला वाल तेवढा बाजूला ठेवू. त्याचे कूळ निराळे, आणि तो आपल्या देशात फार जुन्या काळापासून आहे. बाकीची सारी नावे मात्र एकाच वनस्पतीची. शेंग कोवळी असताना तोडायची की दाणा भरून वाळू द्यायचा, एवढाच फरक. पुढे त्या त्या कामाला सोयीचे निरनिराळे वाण झाले, इतकेच. या वनस्पतीची वंशावळ आज आपल्याला पाहायची आहे. तुम्ही म्हणाल, घेवड्याला कसली आली आहे वंशावळ? ती आहे, आणि चांगली मातबर आहे. आनुवंशाचे शास्त्र ज्या शब्दावर उभे आहे तो 'जीन' हा शब्द घेवड्याचे दाणे तोलणाऱ्या माणसाने दिला. आणि बियाणे कुणाच्या मालकीचे, हा आजचा झगडाही घेवड्याच्या दाण्यावरून एकदा लढला गेला आहे. तेव्हा ही गोष्ट शेतकऱ्याच्या कणगीपासून न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाते.

मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग ही मंडळी जशी अमेरिका खंडातून आपल्याकडे आली, तसाच हा घेवडाही तिकडचाच. १४९२ मध्ये कोलंबस पलीकडे पोचला. त्यानंतर युरोपी गलबतांतून हे दाणे आधी युरोपात आणि मग आशिया-आफ्रिकेत पसरले. मौज अशी की युरोपातले पंडित पुढे ही हकिकत विसरून गेले. जुन्या ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांत एका कडधान्याचे नाव येत असे. ते बहुधा चवळीच्या जातीचे असावे. तेच नाव या नव्या पाहुण्याला चिकटले, आणि १७५३ मध्ये लिनियसने घेवड्याचे शास्त्रीय नाव ठेवले तेही त्यावरूनच: फॅसिओलस व्हल्गॅरिस. त्यामुळे हे पीक जुन्या जगातलेच अशी समजूत दृढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेरू देशात आंकोन येथली जुनी थडगी उकरली गेली. त्यात मृतांबरोबर पुरलेले घेवड्याचे दाणे निघाले. लुडविग विट्माक या जर्मन शास्त्रज्ञाने ते तपासले आणि घेवड्याचे माहेर अमेरिकेत आहे हे दाखवून दिले. जे कागदावरून कळले नाही, ते दाण्यांनी सांगितले.

त्या माहेरी घेवड्याचे रानटी भाऊबंद अजूनही आहेत. उत्तर मेक्सिकोपासून थेट अर्जेंटिनाच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत डोंगरउतारावर, झुडपांवर चढलेले त्यांचे वेल सापडतात. दाणा बारीक, आणि शेंग वाळली की पीळ पडून फुटते व दाणे लांब उडवते. वेलाच्या दृष्टीने हे ठीकच. बी दूरवर गेले म्हणजे वंश वाढतो. माणसाची मात्र त्यात पंचाईत. म्हणून ज्या वेलाची शेंग फुटायची राहिली, ज्याचा दाणा जरा मोठा आणि लवकर रुजणारा, त्याचेच बी तिथले लोक पिढ्यान् पिढ्या राखत गेले. मेक्सिकोत मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवायचा आणि खाली भोपळ्याचा वेल पसरू द्यायचा, अशी मिश्र शेतीची जुनी रीत आहे. तिला 'मिल्पा' म्हणतात. आपल्या बाजरीत-तुरीत जो विचार आहे, तोच तिथेही. ज्यांनी हे पीक घडवले त्यांची नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत.

आता एकदम डेन्मार्कमध्ये जाऊ. विल्हेल्म जोहानसेन हा मनुष्य १८५७ मध्ये कोपनहेगनला जन्मला. विद्यापीठाचा खर्च घरच्यांना झेपण्यासारखा नव्हता, म्हणून पोरवयातच तो एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला लागला. पुढे स्वतःच्या अभ्यासावर तो वनस्पतिशास्त्रात शिरला आणि अखेर कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याच्याही आधी मेंडेलने १८६६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वाटाण्याच्या जोडीला घेवड्याच्या संकरांची हकिकत दिली होती. पण तिच्याकडे त्या काळी कुणी फारसे पाहिले नाही. जोहानसेनला पडलेला प्रश्न अगदी शेतकऱ्याचा होता. दरवर्षी टपोरे दाणे बियाण्याला ठेवले, तर दाणा वर्षानुवर्षे मोठा होत जाईल काय?

त्याने घेवड्याच्या एका जातीचे बी घेतले. त्यात लहानमोठे सर्व दाणे होते. मोठे दाणे पेरले तर पुढचे पीक सरासरीने थोडे मोठ्या दाण्याचे येते, हे त्यालाही दिसले. पण तो तिथे थांबला नाही. त्याने एकेका झाडाची संतती वेगळी ठेवली. घेवड्याचे फूल उमलण्याच्या सुमारासच आपल्याच परागाने फळते. परक्या परागाचा त्यात सहसा शिरकाव होत नाही. म्हणून एका झाडापासून निघालेली सगळी संतती एकाच रक्ताची असते. अशा १९ शुद्ध वंशांचा हिशोब त्याने ठेवला. सर्वांत हलक्या वंशाच्या दाण्याचे सरासरी वजन सुमारे ३५० मिलिग्रॅम, सर्वांत भारी वंशाचे सुमारे ६४० मिलिग्रॅम. सोनाराच्या भाषेत सांगायचे तर एकीकडे तीन गुंजा आणि दुसरीकडे पाच गुंजांहून थोडे अधिक.

खरी गंमत पुढे आहे. एकाच वंशातले टपोरे दाणे वेगळे पेरले, बारके दाणे वेगळे पेरले. असे सहा पिढ्या केले. काय झाले? काहीच नाही! दोन्हींचे पीक सारख्याच सरासरीचे आले. एकाच झाडावर एक दाणा मोठा आणि दुसरा लहान होतो, तो शेंगेतल्या जागेमुळे, खतपाण्यामुळे. तो फरक रक्तात उतरत नाही. वंशावंशांतला फरक मात्र कायम राहतो. हा शोध त्याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. रक्तात जे असते त्याला काही नाव हवे, म्हणून १९०९ च्या आपल्या ग्रंथात त्याने 'जीन' हा सुटसुटीत शब्द योजला. आपण त्याला जनुक म्हणतो.

यातून निघालेला धडा नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सारी कथा त्यावरच उभी आहे. निवड नवे काही निर्माण करीत नाही. जे पोत्यात आधीपासून वेगवेगळे आहे, त्यातून ती वेचून घेते. पोत्यातले सगळे दाणे एकाच वंशाचे असतील, तर जन्मभर निवड करीत बसलात तरी तुम्ही होता तिथेच राहाल. बियाण्याचे खरे धन म्हणजे त्यातले वेगळेपण.

१९२३ मध्ये कार्ल सॅक्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने घेवड्यातच आणखी एक गोष्ट टिपली. रंगीत, नक्षीदार सालीचे आणि पांढऱ्या सालीचे वाण त्याने एकमेकांशी जुळवले. त्यांच्या संततीत रंगीत दाणे सरासरीने भारी निघत आणि पांढरे हलके. रंग आणि वजन यांची गाठ गुणसूत्रावर कुठेतरी जवळजवळ बांधलेली असणार, हे त्याने ओळखले. आपल्याकडे बैल घेताना जाणता माणूस शिंगे, खूर, शेपटीचा गोंडा पाहतो आणि त्यावरून न दिसणाऱ्या गुणाचा अंदाज बांधतो. सॅक्सने केले ते याच जातीचे, फक्त मोजमाप करून. आज प्रयोगशाळेत रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन त्यातली खूण तपासतात आणि हे रोप रोगाला टिकेल की नाही हे आधीच सांगतात. त्या विद्येचे मूळ सॅक्सच्या घेवड्यात आहे.

वेगळेपण हे धन, असे एकदा कळल्यावर ते साठवण्याचा विचार येणारच. रशियाचा निकोलाय वाव्हिलोव हा या विचाराचा मोठा पुरस्कर्ता. तो जगभर हिंडून पिकांचे वाण गोळा करीत असे. १९३० मध्ये तो मेक्सिकोतही गेला होता. घेवड्यापुरती सर्वांत मोठी पेढी मात्र दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशात आहे. काली शहराजवळ पाल्मिरा येथे १९६७ मध्ये उष्ण प्रदेशातील शेतीच्या संशोधनासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. आद्याक्षरांवरून त्याला 'सियाट' म्हणतात. तिथे घेवड्याचे आणि त्याच्या रानटी नातलगांचे ३७,००० हून अधिक नमुने थंडगार कोठारात जपलेले आहेत. २०२२ मध्ये या पेढीसाठी नवी इमारत उभी राहिली. काळे, पांढरे, पिवळे, जांभळे, ठिपक्यांचे, पट्ट्यांचे दाणे तिथे आहेत, आणि प्रत्येकाला क्रमांक, गाव आणि तारीख आहे.

अशा पेढीचा उपयोग काय, असे कुणी विचारील. तर भुंग्याची गोष्ट ऐका. कडधान्याला भुंगा लागतो, हे तुमच्या घरातल्या बायामाणसांना सांगायला नको. कुणी एरंडेल चोळतात, कुणी राखेत घोळतात, कुणी कडुनिंबाचा पाला घालतात. अमेरिका खंडातही घेवड्याच्या दाण्याला पोखरणारे भुंगे आहेत. पाल्मिराच्या शास्त्रज्ञांनी लागवडीतले हजारो वाण भुंग्यांपुढे ठेवून पाहिले. त्यांतल्या एका जातीच्या भुंग्यापुढे टिकणारा वाण काही त्यांत मिळेना. मग त्यांनी मेक्सिकोतले रानटी घेवडे काढले, ते बारीक दाण्याचे, ज्यांना बाजारात कुणी विचारणार नाही असे. त्यांतले काही दाणे भुंग्याला पचेनात. अळी दाण्याच्या आतच मरून जाई. त्या दाण्यांत एक वेगळे प्रथिन निघाले. मेक्सिकोतल्या आर्सेलिया या गावावरून १९८० नंतरच्या दशकात त्याला 'आर्सेलिन' नाव मिळाले. पुढे रानटी वेलाचा चांगल्या वाणाशी संकर करायचा, संततीतून आर्सेलिन असलेले दाणे वेचायचे, ते पुन्हा चांगल्या वाणाशी जुळवायचे, असे करीत तो एक गुण टपोऱ्या दाण्यात आणला गेला. माणसाने हजारो वर्षे मोठा दाणा निवडताना हा गुण नकळत मागे टाकला होता. रानातल्या भाऊबंदाने तो जपून ठेवला होता, म्हणून परत मिळाला.

याच काळात वंशावळीतले एक जुने कोडे सुटले. मोठ्या दाण्याचा एक वाण आणि लहान दाण्याचा दुसरा वाण यांचा संकर केला, की कधीकधी रोपे खुरटी निघत आणि मरून जात. सोयरीक काही जमेना. १९८६ मध्ये पॉल गेप्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाण्यातल्या मुख्य प्रथिनाचे प्रकार तपासले. मेक्सिको व मध्य अमेरिकेकडच्या रानटी वेलांत एका तऱ्हेचे प्रथिन होते, अँडीज पर्वताकडच्या वेलांत दुसऱ्या तऱ्हेचे. आणि लागवडीतले वाणही याच दोन तटांत विभागले होते. म्हणजे घेवडा एकदा नव्हे, दोनदा माणसाळला. दोन ठिकाणच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी, दोन वेगळ्या रानवेलींपासून तो घडवला. आपण खातो तो मोठा लाल किडनी राजमा अँडीज घराण्याचा. बारीक काळे आणि पांढरे घेवडे बहुतेक मेक्सिकोकडच्या घराण्याचे.

आता थोडे आफ्रिकेकडे वळू. रवांडा हा डोंगराळ, दाट वस्तीचा देश. तिथे घेवडा हे गरिबाचे रोजचे अन्न. तिथली शेतकरीण एक वाण पेरीत नाही. अनेक रंगांच्या दाण्यांचे मिश्रण पेरते. कोणते दाणे ओलसर खाचरात चालतात, कोणते केळीच्या सावलीत, कोणते उतारावरच्या हलक्या जमिनीत, हे तिला पाठ असते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी संशोधन केंद्राने आणि सियाटने एक शहाणपणाची गोष्ट केली. वाण पक्का ठरवून मग शेतकऱ्याला देण्याऐवजी, गावोगावच्या जाणत्या स्त्रियांनाच प्रयोगाच्या शेतात बोलावले आणि त्यांना वाण निवडायला सांगितले. त्यांनी निवडलेले वाण त्यांच्या शेतात सरस ठरले. शास्त्रज्ञ उतारा पाहत होता. या बाया शिजायला किती लाकूड लागेल, पाला भाजीला येईल का, आपल्या मिश्रणात दाणा बसेल का, हेही पाहत होत्या.

१९९४ मध्ये त्या देशात भयंकर नरसंहार झाला. सुमारे शंभर दिवसांत लक्षावधी माणसे मारली गेली, शेते ओस पडली. बियाणे कायमचे नाहीसे झाले असेल, या भीतीने अनेक संस्थांनी मिळून 'आशेचे बीज' या अर्थाच्या नावाची मोहीम काढली. रवांडाचे वाण पेढीतून व शेजारच्या देशांतून मिळवून वाढवले. पुढे पाहणी केली तेव्हा असे दिसले, की घेवड्याचे पुष्कळसे वाण गावांतच टिकून होते. लोकांनी ते शेजाऱ्याकडून, नातलगांकडून, आठवड्याच्या बाजारातून परत मिळवले होते. अडचण वाणांची नव्हती, ते विकत घेण्याइतके पैसे हाती नव्हते ही होती. पेढी हवीच, पण हजार घरांत विखुरलेले बी ही पेढीहून जुनी आणि तितकीच भक्कम तिजोरी आहे. त्याच रवांडात २०१० पासून अधिक लोह असलेल्या घेवड्याचे वाण शेतकऱ्यांना दिले गेले. तिथल्या कॉलेजातल्या मुलींना काही महिने तो घेवडा खायला घालून तपासले, तेव्हा त्यांच्या रक्तातले लोह वाढल्याचे आढळले.

आता न्यायालयाची गोष्ट. मेक्सिकोत पिवळ्या घेवड्याचे वाण जुन्या काळापासून पिकतात व खाल्ले जातात. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका बी-व्यापाऱ्याने मेक्सिकोत घेवड्याची एक पिशवी विकत घेतली. त्यातले पिवळे दाणे निवडून त्याने काही हंगाम पेरले, त्या वाणाला 'एनोला' असे नाव दिले, आणि १९९९ मध्ये त्या पिवळ्या रंगाच्या घेवड्यावर अमेरिकेत एकस्व, म्हणजे पेटंट, मिळवले. मग मेक्सिकोतून पिवळा घेवडा आणणाऱ्या व्यापाऱ्यांना बजावले, की प्रत्येक पौंडामागे ६ सेंट आमचे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी तो पिकवला, त्या शेतकऱ्यांचा माल सीमेवर अडू लागला. काय म्हणावे याला!

डिसेंबर २००० मध्ये सियाटने या पेटंटाला हरकत घेतली. पेढीत पिवळ्या घेवड्याचे आधीपासून गोळा केलेले नमुने होते, आणि त्यांच्या नोंदींवर तारखा होत्या. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी एनोलाची जनुकीय ठशांची तपासणी प्रसिद्ध केली. चोराच्या बोटांचे ठसे घ्यावेत तसेच हे ठसे. एनोलाचे ठसे मेक्सिकोच्या 'अझुफ्रादो पेरुआनो ८७' या वाणाशी हुबेहूब जुळले. २००८ मध्ये पेटंट कचेरीने तो दावा फेटाळला आणि २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दहा वर्षे गेली, पण न्याय झाला. आपल्याला हे नवे नाही. जखमेवर हळद लावण्याचेच पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुरावा म्हणून पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. हळदीला ग्रंथ उपयोगी पडले, घेवड्याला पेढीतले दाणे आणि त्यांचे ठसे. दोन्हीकडे तात्पर्य एकच: ज्याची नोंद आहे त्याचा बचाव होतो.

आणि २०१४ मध्ये घेवड्याची वंशावळ मुळापासून वाचली गेली. सजीवाच्या पेशीत जनुकांची सगळी पोथी असते. चार अक्षरांत लिहिलेली ही पोथी घेवड्यात ११ गुणसूत्रांवर मांडलेली आहे आणि तिची लांबी सुमारे ५८ कोटी ७० लाख अक्षरे आहे. त्यांपैकी सुमारे ४७ कोटी ३० लाख अक्षरे शास्त्रज्ञांनी जुळवली आणि २७,००० हून अधिक जनुके ओळखली. वाचायला कोणता वाण घेतला होता? मोठ्या कंपनीचा नव्हे. पेढीतला क्रमांक १९८३३, म्हणजे पेरूमधल्या शेतकऱ्यांचा एक गावठी वाण! त्याच्या जोडीला ६० रानटी आणि १०० गावठी नमुने तपासले. त्यावरून दिसले, की दोन घराण्यांचे रानटी पूर्वज दीड लाखाहून अधिक वर्षांपूर्वी एकमेकांपासून वेगळे झाले आणि सुमारे ८,००० वर्षांपूर्वी दोन ठिकाणी माणसाळले. मोठा दाणा, न फुटणारी शेंग हे गुण दोन्हीकडे आले खरे. पण माणसाळताना पोथीतले जे भाग बदलले, त्यांतले दोन्हीकडे सारखे असलेले दहा टक्केही नाहीत. एका गावाला जायच्या दोन वाटा असाव्यात, तसे हे.

ही पोथी वाचता येऊ लागल्याने सॅक्सचे काम सोपे झाले. कोणती खूण कोणत्या गुणाजवळ आहे, हे आता नकाशावर बोट ठेवून सांगता येते. घेवड्याला रात्रीचा उकाडा सोसत नाही. पराग निकामी होतो आणि शेंगा धरत नाहीत. उन्हाळे वाढत चालले आहेत, तसा हा प्रश्न कठीण होत जाणार. मेक्सिकोच्या उत्तरेला आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या वाळवंटी भागात टेपरी नावाचा घेवड्याचा एक चुलतभाऊ आहे. तिथले आदिवासी तो जुन्या काळापासून पिकवतात. त्याच्याशी मोठ्या कष्टाने संकर करून उष्णता सोसणारे वाण तयार होत असल्याचे सियाटने २०१५ मध्ये जाहीर केले. पण हेही विसरू नका: पोथी वाचता आली म्हणून नवी ओळ कुणाला मनाने लिहिता येत नाही. टेपरी जपणारे कुणी नसते, तर जगातल्या सर्व प्रयोगशाळांकडे वाचायला तो गुणच नसता. जोहानसेनचा धडा इथेही तोच आहे.

आता आपल्या बांधावर येऊ. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, जम्मूकडच्या भदरवाहच्या राजमालाही मिळाले आहे. मानांकनाने नाव राखले जाते, भावही मिळू शकतो. पण नाव राहिले आणि पोत्यातला दाणा बाजारातून आणलेल्या एकसारख्या बियाण्याने बदलला, तर हाती काय उरले? नव्या वाणाला माझा विरोध नाही. उतारा जास्त येत असेल, रोगाला टिकत असेल, तर जरूर पेरावा. मात्र घरचे बी मोडीत काढू नये. एका कोपऱ्यात दोन वाफे त्याचे असू द्यावेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केले. त्यांच्याकडचे घेवडे मुख्यतः वालाच्या कुळातले. पण विचार तोच. २०२० च्या पद्मश्रीसाठी देशाने त्यांची निवड केली, ती घरचे बी जपल्याबद्दल.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. पिकांचे वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ मध्ये झाला. शेतातले बी राखणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्याला देणे आणि शिक्क्याशिवाय विकणे हा शेतकऱ्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. आपला जुना वाण शेतकऱ्याला किंवा गावाला स्वतःच्या नावे नोंदवताही येतो. २००७ मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या १२ पिकांत राजमाही होता. बियाणे जपणारी राष्ट्रीय संस्था दिल्लीला आहे आणि तिचे केंद्र अकोल्यात आहे.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. जोहानसेनचा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. एक बारीक तराजू, शाळेमागचे चार वाफे आणि दोन-तीन हंगामांचा धीर पुरे. मुलांना आपापल्या घरून मूठभर घेवडा आणू द्या. एकेका झाडाचे दाणे वेगळे ठेवा, तोला, वहीत लिहा. टपोरे एका वाफ्यात, बारके दुसऱ्यात पेरा. निवड कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे मुलांना फळ्यावरच्या शब्दांपेक्षा तिथे लवकर कळेल. आणि दाणे आणताना प्रत्येकाने आजीला तीन गोष्टी विचाराव्यात: याचे नाव काय, हे कुणाकडून आले, आणि आपण कशासाठी राखले? उत्तरे कागदावर लिहून, तारीख घालून, पुडीत दाण्यांबरोबर ठेवावीत. पाल्मिराच्या पेढीत प्रत्येक नमुन्यापाशी जे लिहिलेले असते, ते याहून फारसे वेगळे नसते.